आधी वचन वाचा, मग भरवसा ठेवा

31 डिसेंबरच्या रात्रीची उपासना संपत आली की आपल्याकडच्या बऱ्याच मंडळ्यांत वचनाची कार्डं वाटतात. ताटात रंगीत कार्डं पालथी मांडलेली असतात. रांगेनं पुढे जायचं, एक उचलायचं आणि वर्षभराचं वचन म्हणून घरी कपाटाच्या आरशात खोचून ठेवायचं. त्यात यिर्मयाच्या 29 व्या अध्यायातलं 11 वं वचन हमखास असतं. देवाने आपल्या लोकांचं भलंच योजलं आहे, पुढे आशा आहे, असं ते सांगतं. त्याच्या लगेच वरचं 10 वं वचन मात्र कोणी कार्डावर छापत नाही, कारण त्यात मुदत लिहिली आहे : बाबेलमधली 70 वर्षं. हा अध्याय म्हणजे यिर्मयानं लिहिलेलं पत्र, आणि ते ज्यांच्या हाती पडलं ते यरुशलेमेहून धरून नेलेले लोक होते, आणि त्यांच्यातल्या चाळिशीच्या माणसाला ती मुदत संपलेली बघायला मिळणार नव्हती. मागच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सगळं परत मिळेल असं छातीठोकपणे सांगत होता. लोकांना ऐकायचं होतं ते हनन्याचंच, आणि देवाने दिलेलं वचन होतं ते यिर्मयाचं. शिवाय त्या पत्रात कामंही सांगितली आहेत. परक्या शहरात घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, आणि ज्या शहरात आणून टाकलं आहे त्याच्याच भल्यासाठी प्रार्थना करा. पोटासाठी गाव सोडून भिवंडीत माग चालवायला किंवा काल्हेर-पूर्ण्याच्या गोदामांत माल उतरवायला आलेल्या विश्वासणाऱ्यानं हा अख्खा अध्याय एकदा बसून वाचावा. 11 वं वचन त्याला कार्डावरच्यापेक्षा जड वाटेल, आणि जास्त खरंही.

देवाच्या अभिवचनांवर पूर्ण भरवसा असावा, यात ख्रिस्ती माणसाला वाद घालायला जागा नाही. वाद आहे तो कशावर भरवसा ठेवायचा, यात. आपल्या इच्छेवर देवाची सही आहे असं धरून चालणं आणि देवाने सही करून दिलेलं वाचणं, या दोन गोष्टी प्रार्थनेच्या आवाजात सारख्याच ऐकू येतात, म्हणून घोटाळा होतो. भिवंडीतल्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज पडू नये. इथला कापडाचा व्यवहार उधारीवर चालतो. पुढच्या तारखेचा चेक हातात आला की मागवाला आधी नाव, तारीख, रक्कम आणि सही बघतो. रक्कम मनानं वाढवून वाचत नाही, आणि तारखेआधी भरून वटला नाही म्हणून बोंब मारत नाही. चेक वटतो तो देणाऱ्याच्या खात्याच्या जोरावर. घेणाऱ्याला रात्री झोप लागली की नाही, याच्याशी बँकेला कर्तव्य नसतं. अभिवचनाचंही तसंच आहे. ते कोणाला दिलं, कशाबद्दल दिलं, अट आहे का, मुदत आहे का, हे आधी पाहायचं. त्यानंतर मात्र भरवसा अर्धामुर्धा ठेवायचा नाही. त्यावर पैसा, वेळ आणि अंगमेहनत लावायची.

पवित्र शास्त्रात याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण मला अब्राहामापेक्षाही त्याच यिर्मयाच्या 32 व्या अध्यायात दिसतं, कारण तिथे चक्क जमिनीचं खरेदीखत आहे. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्यानं यरुशलेमेला वेढा घातलेला, तटाला मोर्चे भिडलेले, शहर आज पडतं की उद्या, अशी अवस्था. शहर पडणार असं यिर्मयाच सांगत होता आणि त्यासाठी राजानं त्याला पहारेकऱ्यांच्या चौकात कोंडलं होतं. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हानामेल येऊन म्हणतो, अनाथोथचं माझं शेत तू विकत घे. वेढा घालून बसलेल्या सैन्याच्या पलीकडचं शेत. त्याला बाजारात कोण विचारणार? यिर्मया ते घेतो. 17 शेकेल रुपं तराजूत तोलून देतो, खत लिहितो, शिक्का मारतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी ठेवतो. दोन्ही प्रती आपला लेखनिक बारूख याच्या हाती देऊन, पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून मातीच्या भांड्यात ठेवायला सांगतो. या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील, असं देवाचं वचन त्याला मिळालं होतं. त्यानं ते वचन नुसतं तोंडानं घोकलं नाही, त्यावर रोकड मोजली. सातबारा आणि फेरफारासाठी तलाठ्याकडे खेटे घातलेल्या माणसाला त्या साक्षीदारांचं आणि त्या दोन प्रतींचं महत्त्व चटकन कळेल. विश्वासाच्या नावाखाली कागद कच्चा ठेवावा, असं यिर्मयाला वाटलं नाही.

गंमत पुढे आहे. व्यवहार पुरा झाल्यावर यिर्मया प्रार्थनेला बसतो आणि देवाला जवळजवळ विचारतोच, की शहर तर शत्रूच्या हाती चाललं आहे, आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस? शंका होती, पण ती खरेदीच्या आड आली नाही. आणि त्या शेतात तो कधी नांगर धरू शकला नाही. शहर पडलं, मागे उरलेले लोक त्याला इजिप्तात घेऊन गेले, आणि तिथून तो परतल्याचं शास्त्र कुठे सांगत नाही. वचन मात्र पुढे खरं झालं. लोक परत आले. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा 11 वा अध्याय आपल्याकडे विश्वासवीरांची यादी म्हणून मोठ्या हौसेनं वाचतात. त्याच अध्यायात दोनदा सांगितलं आहे, की यातल्या माणसांना वचन दिलेली गोष्ट हयातीत मिळाली नाही. पूर्ण भरवसा म्हणजे पूर्ण प्राप्ती, असं शिकवणाऱ्या उपदेशकानं तो अध्याय शेवटपर्यंत वाचलेला नसावा.

हे सगळं जुन्या करारातलं झालं, आपल्या मातीतलं काही सांगा, असं कोणी म्हटलं तर पंडिता रमाबाईंच्या केडगावला जावं लागेल. रमाबाईंचा जन्म 1858 चा. ख्रिस्ती होण्याच्या कितीतरी आधी त्यांनी वचनांवर विसंबलेलं घर उद्ध्वस्त होताना पाहिलं होतं. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान आणि अतिशय भाविक. पुण्यप्राप्तीच्या आशेनं या कुटुंबानं वर्षानुवर्षं तीर्थयात्रा, पुराणपठण, दानधर्म केला. जवळचं होतं नव्हतं ते संपलं, आणि 1874 च्या सुमारास दुष्काळात वडील, आई, थोरली बहीण एकामागून एक गेली. पुढे 1882 साली, लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच पती बिपिनबिहारी मेधावी पटकीनं गेले. अशी बाई कोणाच्या शब्दावर सहजी विसंबणार नाही. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण ख्रिस्तावर मनापासून विसावायला आणखी आठेक वर्षं लागली, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. भरवसा एका रात्रीत उगवत नाही म्हणून स्वतःला कमी लेखणाऱ्या वाचकानं ही आठ वर्षं ध्यानात ठेवावीत.

त्यांचा आधार सुरुवातीला माणसांच्या वचनाचा होता, आणि तो चांगला होता. 1887 साली बॉस्टनमध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन रमाबाई असोसिएशननं दहा वर्षं खर्च पुरवायचं कबूल केलं, त्यावर 11 मार्च 1889 रोजी मुंबईत मुलींसाठीचं शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी पुण्याला गेलं. 1893 साली धर्मांतराच्या प्रश्नावर वादळ उठलं. रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. दहा वर्षांची मुदत संपत आली त्याच सुमारास, 1896-97 मध्ये, मध्य प्रांतात दुष्काळ पडला. ब्रिस्टलला हजारो अनाथांना नुसत्या प्रार्थनेच्या बळावर सांभाळणाऱ्या जॉर्ज म्युलरचं चरित्र रमाबाईंनी वाचलं होतं, आणि हे हिंदुस्थानात होईल का, असा प्रश्न त्यांच्या मनात घर करून होता. त्यांनी दुष्काळी भागात जाऊन सुमारे तीनशे मुली आणायचं ठरवलं. पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवून घेता येईना, तेव्हा केडगावच्या शेतावर झोपड्या उभ्या राहिल्या. त्यातून मुक्ती सदन झालं. 1900 च्या दुष्काळानंतर तिथल्या मुली आणि स्त्रियांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. 1907 साली प्रसिद्ध झालेल्या साक्षीत त्या सांगतात, की कुठल्या बँकेत खातं नाही, आजच्या गरजेपुरतं आज मिळतं, त्यापलीकडे शिल्लक नाही.

मात्र इथेच थांबलं तर रमाबाईंचं अर्धंच चित्र दिसेल, आणि आपल्या मंडळ्यांत बहुधा ते अर्धंच सांगितलं जातं. केडगावची ती जमीन, साधारण शंभर एकर, त्यांनी आधीच घेऊन ठेवली होती. अमेरिकेची मदत थांबली तर फळबागेचं उत्पन्न असावं, हा हिशेब त्यामागे होता. पाण्यासाठी विहिरी खणल्या. मुलींना विणकाम, शेतीकाम, दूधदुभतं, छापखान्याचं काम शिकवलं. 1898 साली त्या अमेरिकेत जाऊन संस्थेच्या पाठीराख्यांना समक्ष भेटल्या. 1897 च्या मे महिन्यात पुण्याच्या प्लेग रुग्णालयात स्त्रियांचे हाल होतात असं दिसल्यावर त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ला रोखठोक पत्र लिहिलं, त्याचा गाजावाजा थेट ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेला. देव बघून घेईल म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत. आणि देवावर सारं टाकलं म्हणून त्यांच्या वाट्याला दुःख कमी आलं, असंही झालं नाही. कान जवळजवळ गेले होते. ज्या मनोरमेवर पुढच्या कामाची भिस्त होती, ती एकुलती एक मुलगी 1921 च्या जुलैत वारली, आणि 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी केलेलं संपूर्ण मराठी बायबल, जे केडगावच्या स्त्रियांनी छापखान्यात जुळवलं, ते पूर्ण रूपात 1924 साली बाहेर पडलं, त्यांच्या पश्चात.

यावर चिकित्सक वाचक दोन प्रश्न विचारेल. पहिला : पैसा शेवटी माणसांनीच दिला ना? हो, दिला. ‘मुक्ती प्रेअर बेल’ हे त्यांचं पत्रक परदेशी वाचकांपर्यंत जात होतं आणि तिथून मदत येत होती. पण आकाशातून नाणी पडतील, असं वचन शास्त्रात कुठे आहे? फिलिप्पैकरांस पत्राच्या 4 थ्या अध्यायातलं, देव सर्व गरज पुरवील हे वचन सगळ्यांच्या तोंडी असतं. पौलानं ते लिहिलं तेव्हा त्याची स्वतःची गरज एपफ्रदीताच्या हाती त्याच मंडळीनं पाठवलेल्या देणगीतून भागली होती, आणि वचन होतं त्या देणाऱ्या मंडळीला. दशमांश द्या आणि शंभरपट घेऊन जा, असा सौदा त्या पत्रात मला तरी सापडत नाही. देवाशी असा व्यवहार मांडणं म्हणजे रमाबाईंनी लहानपणी ज्या आशेपोटी घर संपताना पाहिलं, तीच आशा नव्या नावानं पुन्हा विकणं आहे. 2016 च्या नोटबंदीत आणि 2020 च्या टाळेबंदीत ज्यांचे माग बंद राहिले, त्यांना अशा सौद्याची पावती दाखवून गप्प करणं हा तर निव्वळ निर्दयपणा.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. वचन पूर्ण झालं तर देवाची स्तुती. नाही झालं तर तुम्ही म्हणणार, नीट वाचलं नाही, मुदत यायची आहे. मग हा भरवसा कधी खोटा ठरूच शकत नाही, आणि जे खोटं ठरू शकत नाही त्याला खरं तरी का म्हणावं? आक्षेप प्रामाणिक आहे. उत्तर असं, की ख्रिस्ती विश्वासानं स्वतःला खोटं ठरवायची जागा मोकळी ठेवली आहे, फक्त ती आपल्या भाड्याच्या घरात किंवा डॉक्टरच्या रिपोर्टात नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 15 व्या अध्यायात पौल स्वतःच कबूल करतो, की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास फुकट. सगळा भार त्यानं एका घडलेल्या गोष्टीवर टाकला आहे. दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायात तो म्हणतो, की देवाच्या सर्व वचनांना ख्रिस्तामध्ये होकार मिळाला आहे. त्याचा अर्थही हाच घ्यावा लागतो. क्षमा, सोबत, दुःखात टिकून राहायचं बळ, आणि शेवटी पुनरुत्थान ही मुख्य वचनं आहेत, आणि ती सर्व विश्वासणाऱ्यांना आहेत. नोकरी, मूल, घर, आजारातून सुटका यांसाठी प्रार्थना जरूर करावी, आग्रहानं करावी. पण अमुक तारखेला अमुक मिळेल असं वचन प्रत्येकाला दिलेलं नाही. पौलानं शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली. काटा राहिला, कृपा मिळाली. त्याचा विश्वास कमी पडला असं म्हणायची कोणाची छाती आहे?

आजारपणाबद्दल मात्र वेगळं आणि स्पष्ट बोललं पाहिजे, कारण इथे चुकीच्या शिकवणीनं माणसं दगावतात. औषध बंद केलं म्हणजेच विश्वास पूर्ण, असं कोणी सांगत असेल तर त्याला यशयाचा 38 वा अध्याय दाखवा. हिज्कीया राजाला आणखी 15 वर्षांच्या आयुष्याचं थेट वचन मिळालं होतं. तरी यशयानं त्याच्या गळवावर अंजिरांचं पोटीस बांधायला लावलं. प्रेषितांची कृत्ये 27 मध्ये जहाजावरच्या सगळ्या 276 जणांचे प्राण वाचतील, असं देवानं पौलाला सांगितलं. तरी खलाशी होडीतून पळू लागले तेव्हा, हे जहाजावर राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही, असं त्यानंच शताधिपतीला बजावलं. वचन संदर्भातून तोडून त्यावर उडी मारायला सांगणारा शास्त्रात एकच आहे, सैतान. मंदिराच्या कड्यावर त्यानं येशूला 91 वं स्तोत्र ऐकवलं होतं, आणि येशूनं उडी मारली नाही. जाता जाता कायद्याचंही सांगून ठेवतो. चमत्कारानं रोग बरे करायच्या जाहिरातींना 1954 च्या केंद्रीय कायद्यानं बंदी आहे, आणि साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारापासून अडवणं हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. क्षयाच्या गोळ्या अर्ध्यावर सोडून साक्ष द्यायला उभं राहू नये. कोर्स पुरा करून द्यावी.

मग शंका आली तर काय करायचं? मार्काच्या 9 व्या अध्यायातल्या बापानं केलं तेच. विश्वास आहे आणि नाहीही, असं त्यानं येशूला तोंडावर सांगितलं, आणि त्याचा मुलगा तरीही बरा झाला. रोमकरांस पत्राच्या 4 थ्या अध्यायात अब्राहामाचं कौतुक आहे ते त्यानं डोळे मिटले म्हणून नाही. आपलं शरीर निर्जीव झालं आहे, सारेचं गर्भाशयही, हे नीट बघूनही तो डगमगला नाही म्हणून. तेव्हा परिस्थिती कागदावर लिहा. कर्ज किती, हप्ता किती, रिपोर्टात काय आलं, मुलाच्या कॉलेजला किती कमी पडतात. शेजारी वचन लिहा, एकटं नको, मागचापुढचा अध्याय वाचून, कोणाला आणि कशासाठी दिलं हे एका ओळीत नोंदवून. हे वचन खरं असेल तर या आठवड्यात मी काय वेगळं करीन, एवढं शेवटी लिहा, आणि ते करा. क्षमेच्या वचनावर भरवसा असेल तर ज्याच्याशी दोन वर्षं बोलणं नाही त्याला फोन लागला पाहिजे. देव सोडणार नाही या वचनावर भरवसा असेल तर सावकाराला चुकवून गल्लीबोळानं घरी जाण्याऐवजी त्याच्यासमोर बसून हप्ते ठरवता आले पाहिजेत. ज्या वचनावर आठवडाभरात काहीच करावंसं वाटत नाही, ते आपण अजून मानलेलं नाही, फक्त पाठ केलं आहे. नोंदवही ठेवायची तर पूर्ण न झालेल्या विनंत्याही तीत लिहाव्यात. साक्षीच्या सभेत फक्त जमेची बाजू वाचून दाखवायची आपल्याला सवय लागली आहे, आणि त्यामुळे खर्चाच्या बाजूला उभा असलेला माणूस हळूहळू यायचा बंद होतो.

त्या माणसाबद्दल पाळकांना, वडीलमंडळींना आणि घरोघर प्रार्थनेला जाणाऱ्या बहिणींना एक विनंती. उपवास-प्रार्थना करूनही ज्याचं माणूस गेलं, ज्याची नोकरी परत आली नाही, त्याच्या दारात उभं राहून विश्वासात कुठे कमी पडलं हे विचारू नका. इंदिरा गांधी रुग्णालयात रात्री कोणी बसायचं असेल तर पाळी लावा, डबा पोचवा, घरभाडं थकलं असेल तर मंडळीच्या दानपेटीतून एका महिन्याचं द्या. वचन वाचायचं झालंच तर 88 वं स्तोत्र वाचा. त्याचा शेवट अंधारातच होतो, आणि तरीही ती प्रार्थनाच आहे.